इस्त्रीने उतरवलेला ब्रँड धुण्यातही टिकायला हवा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ट्रान्सफर पेपरवरचे चित्र इस्त्रीने कपड्यावर उतरवून घरच्या घरी स्वतःचा ब्रँड कसा उभारता येतो, याविषयी आपल्या पुरवणीत नुकताच आलेला लेख वाचला. लेख उत्साह वाढवणारा होता आणि त्यात वावगे काहीच नाही. परंतु कागद सोलून चित्र कपड्यावर दिसू लागले की काम झाले, असा जो सूर त्यात होता, त्याला थोडी पुस्ती जोडणे मला आवश्यक वाटते. हौसेखातर स्वतःसाठी एखादा टी-शर्ट छापणे वेगळे आणि त्यावर आपले नाव घालून तो दुसऱ्याला पैसे घेऊन देणे वेगळे. विकलेल्या कपड्याची परीक्षा ग्राहकाच्या घरी, धुण्याच्या वेळी होते आणि तिचा निकाल मात्र छपाईच्या दिवशीच, कापड, चिकट थर, उष्णता आणि दाब यांचा मेळ बसला की नाही यावर, ठरून गेलेला असतो.

घरगुती कामात मुख्यतः दोन प्रकारचे साहित्य वापरले जाते. पहिला प्रकार म्हणजे इंकजेट प्रिंटरवर छापायचा ट्रान्सफर पेपर. या कागदावर प्लास्टिकसारख्या पदार्थाचा पातळ थर दिलेला असतो, शाई त्या थरात मुरते आणि इस्त्रीच्या उष्णतेने तो थर मऊ होऊन कापडाच्या धाग्यांना धरून बसतो. म्हणजेच कापडावर नुसती शाई जात नाही, तर शाई धरून ठेवणारा एक पापुद्रा जातो आणि पुढे तडे जातात किंवा कडा सुटतात त्या या पापुद्र्याच्या. फिक्या रंगाच्या कापडासाठीचा पेपर पारदर्शक थराचा असतो, त्यावर चित्र आरशात दिसते तसे उलटे छापावे लागते आणि चित्रातला पांढरा भाग कापडाच्याच रंगाचा दिसतो, कारण घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. गडद कापडासाठीच्या पेपरला पांढरा, अपारदर्शक थर असतो. त्यावर चित्र सरळच छापायचे, मागचा कागद आधी सोलून काढायचा आणि चित्र वरच्या बाजूला ठेवून त्यावर बटर पेपर घालून इस्त्री करायची. या दोन रीतींची सरमिसळ झाली की कपड्यावर उलटी अक्षरे उमटतात आणि तो कपडा मग घरातच वापरावा लागतो. इंकजेटसाठीचा पेपर लेझर प्रिंटरमध्ये तर मुळीच घालू नये, कारण आतल्या तापलेल्या रोलरवर तो थर वितळून चिकटतो आणि प्रिंटर निकामी होऊ शकतो. प्रिंटरमध्ये पिगमेंट प्रकारची शाई असेल तर ती साध्या डाय शाईपेक्षा पाण्यात जास्त टिकते, हेही खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

दुसरा प्रकार उष्णतेने चिकटणाऱ्या व्हिनाइलचा. हे एकरंगी पातळ पत्र्यासारखे साहित्य कटर मशीनवर हव्या त्या आकारात, तेही उलटे, कापून घेतात, नको असलेला भाग बारीक चिमट्याने उचलून काढतात आणि उरलेला आकार पारदर्शक फिल्मसकट कापडावर ठेवून दाबतात. एखाद-दुसऱ्या रंगातले नाव किंवा बोधचिन्ह छापायचे असेल तर माझ्या मते कागदापेक्षा व्हिनाइलच बरे, कारण त्यात अक्षरांभोवती पापुद्र्याची चौकट राहत नाही. कागदच वापरायचा झाला तर चित्राच्या कडेने तो नीट कापावा आणि कोपरे गोल ठेवावेत. टोकदार कोपरा सर्वांत आधी उचलला जातो.

खरी अडचण इस्त्रीची आहे. आपल्या घरातली इस्त्री सुरकुत्या मोडण्यासाठी बनवलेली असते, ठरावीक उष्णता ठरावीक काळ सारख्या दाबाने देण्यासाठी नव्हे. तिचा थर्मोस्टॅट चालू-बंद होत राहतो, त्यामुळे तिचा तळ एका क्षणी ठरल्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि थोड्या वेळाने कमी. टोकाची आणि मागच्या भागाची उष्णताही सारखी नसते. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोके असतात आणि ज्या जागी भोक येते तिथे ना पुरेशी उष्णता पोहोचते ना दाब. कपड्यांवरच्या खुणांमध्ये इस्त्रीच्या चित्रातला एक ठिपका साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन ठिपके १५० अंश आणि तीन ठिपके २०० अंशांच्या आसपासची कमाल मर्यादा दाखवतात. बहुतेक व्हिनाइलला साधारण १५० ते १६० अंशांवर दहा ते पंधरा सेकंद चांगला दाब हवा असतो, पण नेमका आकडा प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असल्याने पाकिटातल्या सूचनापत्राकडे दुर्लक्ष करू नये. हीट प्रेसवर, म्हणजे ठरलेल्या उष्णतेने कपडा सपाट दाबणाऱ्या यंत्रावर, हा आकडा नेमका लावता येतो; इस्त्रीच्या चकतीवर मात्र ‘कॉटन’ किंवा ‘सिल्क’ एवढेच लिहिलेले असते.

असे असले तरी इस्त्रीने चांगले काम होतच नाही, असे मी म्हणणार नाही. वाफ पूर्ण बंद करावी, टाकीतले पाणी काढून टाकावे आणि इस्त्रीच्या गादीवर काम न करता टणक, सपाट, उष्णता सोसणाऱ्या पृष्ठभागावर एक पातळ सुती कापड पसरून करावे, कारण मऊ गादी दाब शोषून घेते. कपडा आधी काही सेकंद नुसताच दाबून त्यातली दमटपणाची वाफ घालवावी. इस्त्री फिरवू नये. एका जागी अंगाचा भार देऊन धरावी, मग सरळ उचलून शेजारच्या जागी, आधीच्या भागावर थोडी चढवून ठेवावी. सरकवलेल्या इस्त्रीखाली मऊ झालेला थर ताणला जातो आणि चित्र वाकडे होते. छपाईच्या जागेजवळ शिवण, बटण किंवा चेन असेल तर ती उंचवटा तयार करते आणि तिच्या आजूबाजूला दाबच पोहोचत नाही; अशा वेळी कपड्याच्या आत छपाईच्या जागेपुरती लाकडी फळी सरकवून शिवणी तिच्या कडेबाहेर सोडाव्यात. फिल्म गरम असताना सोलायची की गार झाल्यावर, हे साहित्यावर अवलंबून असते आणि घाईत सर्वाधिक नुकसान इथेच होते.

कापडाकडे लेखात जवळजवळ लक्षच दिलेले नव्हते. नव्या कपड्याला कांजी किंवा तत्सम द्रव्य लावलेले असते, ते चिकट थर आणि धागा यांच्या मध्ये येते. म्हणून कपडा आधी धुऊन घ्यावा आणि त्या धुण्यात फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, कारण त्याचाही थर धाग्यांवर राहतो. सुती आणि सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडावर हे काम सर्वांत भरवशाचे होते. नायलॉन उष्णतेने आक्रसते किंवा वितळते आणि पाणी न शिरण्यासाठी लेप दिलेल्या कापडाला थर धड चिकटत नाही. पॉलिएस्टरची गंमत आणखी वेगळी आहे. त्याचा रंग जास्त उष्णतेत वायुरूप होऊन वरच्या थरात शिरतो, त्यामुळे लाल जर्सीवर छापलेले पांढरेशुभ्र नाव काही काळाने गुलाबी दिसू लागते. अशा कापडासाठी कमी उष्णतेवर चिकटणारे किंवा रंग अडवणारे व्हिनाइल घ्यावे लागते. हाच गुणधर्म सबलिमेशन छपाईत मुद्दाम वापरतात: साधारण १९० ते २०० अंशांवर शाईचा वायू होतो आणि तो पॉलिएस्टरच्या धाग्यातच मुरतो, वर पापुद्रा राहत नाही. मात्र ती छपाई सुती कापडावर टिकत नाही आणि गडद रंगावर दिसत नाही. डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) पद्धतीत चित्र फिल्मवर पांढऱ्या शाईच्या आधारासह छापून त्यावर चिकट भुकटी वितळवलेली असते. अशी तयार ट्रान्सफर बाहेरून छापून आणून घरी दाबता येतात आणि अनेक रंगांच्या चित्रासाठी मला ती घरच्या कागदापेक्षा सरस वाटतात.

या सगळ्याचा विचार करता घरून सुरुवात करणाऱ्याने छातीभर चित्राचा मोह आधी सोडावा. आठ-दहा सेंटीमीटरचे बोधचिन्ह इस्त्रीच्या तळाखाली एकाच दाबात मावते, त्यावर उष्णता बरीचशी सारखी राहते आणि कपडा अंगावर ताणला तरी त्या छोट्या भागावर ताण कमी येतो. मोठा पापुद्रा घामाची वाफही अडवतो, हे उन्हात तो कपडा घालणाऱ्यालाच कळते. त्याहूनही उत्तम जागा म्हणजे मानेच्या आतल्या बाजूची. हल्ली बऱ्याच कपड्यांत टोचणारी शिवलेली पट्टी नसते आणि नाव, माप व धुण्याच्या खुणा थेट कापडावर उमटवलेल्या असतात. त्यांतल्या पुष्कळशा ट्रान्सफरनेच उतरवलेल्या असतात. एक लहान, एकरंगी, नीट चिकटलेली खूण कपड्याला जे रूप देते, ते कडा सुटलेल्या मोठ्या रंगीत चित्राने येत नाही.

विक्रीपूर्वी नमुना धुऊन पाहणे हा या कामाचा भागच मानला पाहिजे. त्याच कापडाच्या तुकड्यावर, त्याच साहित्याने आणि त्याच इस्त्रीने छापावे, एक दिवस तसेच ठेवावे, मग ग्राहक धुईल तसे, म्हणजे मशीनमध्ये, इतर कपड्यांबरोबर, निदान पाच-सहा वेळा धुवावे. त्यानंतर कापड बोटांनी ताणून तडे दिसतात का आणि नखाने कड उचलते का, हे पाहावे. कपड्याबरोबर सूचना द्यावी: उलटा करून थंड पाण्यात धुणे, ब्लीच न वापरणे, ड्रायरची कडक उष्णता टाळणे, इस्त्री आतून करणे. मात्र सूचनेच्या आड लपू नये. नेहमीच्या धुण्यात जे टिकत नाही ते विकण्याजोगे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान मुलांच्या कपड्यांबाबत अधिक काटेकोर राहावे लागते. काही व्हिनाइल पीव्हीसीचे असते आणि ते मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाची रसायने घातलेली असू शकतात. बाळ कपडा तोंडात घालते, हे विसरून चालत नाही. कापडातल्या घातक द्रव्यांची तपासणी करून दिल्या जाणाऱ्या ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० या प्रमाणपत्रात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी सर्वांत कडक असा पहिला वर्ग आहे, तो पाहून साहित्य घेता येते. तयार कोरे कपडे आणून त्यांवर आपले नाव घालणाऱ्यांनी मूळ पट्टी कापताना तिच्यावरचा धाग्याचा तपशील आणि धुण्याच्या खुणा हरवणार नाहीत, हे पाहावे. अनेक देशांत ही माहिती देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

राहता राहिला प्रश्न ‘स्वतःचा’ ब्रँड या शब्दप्रयोगातल्या पहिल्या शब्दाचा, ज्याकडे लेखातल्या उदाहरणांनी काणाडोळा केला. प्रसिद्ध बूट-कंपनीची खूण, चित्रपटातले पात्र किंवा क्रीडासंघाचे बोधचिन्ह घरी छापून विकले म्हणून ते आपले होत नाही, आणि त्यात थोडा बदल केल्यानेही सुटका होतेच असे नाही. आपले नाव ठरवण्यापूर्वी त्याच्याशी मिळतेजुळते नाव कोणी नोंदवले आहे का, हे ट्रेडमार्कच्या नोंदवहीत शोधावे. ट्रेडमार्क नोंदवताना वस्तूंचे वर्ग पाडण्यासाठी बहुतेक देश वापरतात त्या नीस वर्गीकरणात कपडे, पादत्राणे आणि टोप्या २५व्या वर्गात येतात, त्यामुळे शोध तिथून सुरू करता येतो. वर्तुळातल्या ‘आर’ची खूण नोंदणी झाल्यावरच लावायची असते, नोंदणीपूर्वी ती लावणे अनेक देशांत गुन्हा आहे, ‘टीएम’ ही अक्षरे मात्र सहसा आधीही लावता येतात. जाता जाता फॉन्टचेही सांगतो, कारण तिकडे फारच कमी लोकांचे लक्ष जाते. इंटरनेटवरून फुकट उतरवलेले कित्येक फॉन्ट केवळ खासगी वापरासाठी दिलेले असतात आणि त्या अक्षरांत नाव छापून कपडे विकायचे असतील तर व्यावसायिक परवाना वेगळा घ्यावा लागतो. बोधचिन्ह एकदा कपड्यांवर गेले की त्याची अक्षरे बदलणे महागात पडते, म्हणून परवान्याची ओळ कटर मशीन सुरू करण्याआधीच वाचून घ्यावी.

आपला,
एक वाचक