आधी सावली शोध, मग पाणी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप परवा रात्री वाचला. "पोरांनी घर डोक्यावर घेतलंय, ऊन डोक्यावर आलंय, ते जमिनीतून पाणी उडतं ते कुठे असतं सांग." एका वाक्यात दोनदा डोकं आलं, म्हणजे तुझं जाग्यावर नाही हे लगेच कळलं. फोनवर दोन मिनिटांत सांगितलंही असतं. पण या एका विषयावर मी गेला अख्खा उन्हाळा खर्च केलाय, त्यातला बराचसा मूर्खपणात, आणि तो दोन मिनिटांत मावायचा नाही. म्हणून पत्र. निवांत बसून वाच.

सुरुवात नावापासून. तू शोधताना काय लिहितोयस? "स्प्लॅश पॅड" एवढंच ना, म्हणजे फरशीतल्या भोकांतून धारा उडतात ती खेळायची जागा? मीही तेच लिहायचो. महिनाभर तोच शब्द घालून घालून जे सापडायचं ते सगळं तासा-दीड तासाच्या अंतरावर. आणि घरापासून दहा मिनिटांवर एक आहे, ते मला माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजीने सांगितलं! उद्यान खात्याच्या यादीत त्याला "स्प्रेग्राउंड" म्हटलं होतं. कुणी स्प्रे पार्क म्हणतं, कुणी स्प्लॅश पार्क, कुणी वॉटर प्ले एरिया. बऱ्याचदा तर त्याला वेगळं नावच नसतं. बागेच्या नावाखाली झोपाळे, घसरगुंडी, स्वच्छतागृह अशी जंत्री असते आणि त्यात कुठेतरी "पाण्याचे खेळ" एवढेच शब्द. तेव्हा वस्तूचं नाव शोधत बसू नकोस. गावच्या उद्यानांची पूर्ण यादी काढ आणि एकेका बागेत काय काय आहे ते वाच. कंटाळवाणं काम आहे, वहिनींवर ढकलू नकोस.

नकाशावर वरून काढलेलं चित्रही बघ. झाडाझुडपांच्या हिरव्यात मध्येच निळी किंवा लाल गोल थाळी ठेवल्यासारखी दिसली की बहुतेक वेळा तेच असतं. त्याच चित्रात सावल्या कुठे पडल्यात तेही दिसतं, त्याकडे मी नंतर येतो. लोकांनी टाकलेले फोटो बघताना आधी तारीख बघ. मी एका ठिकाणी भली मोठी उलटणारी बादली बघून पोरांना कबूल करून बसलो, आणि फोटो निघाला तीन वर्षांपूर्वीचा. बादली मोडली होती आणि खांब नुसता उभा होता. पोरं त्या खांबाकडे बघत उभी, आणि मी पोरांकडे.

हां, आणि काही ठिकाणी ही मजा बागेत नसून भर चौकात असते. शिकागोमध्ये 2004 साली उभारलेलं क्राउन फाउंटन आहे. काचेच्या विटांचे पन्नास फुटी दोन मनोरे, त्यांवर शहरातल्या माणसांचे भलेमोठे चेहरे उमटतात, आणि मध्येच एखादा चेहरा ओठांचा चंबू करून तोंडातून पाणी सोडतो. खाली पोरांचा गलका. फ्रान्समध्ये बोर्दोला 2006 पासून नदीकाठी काळ्या दगडांचा पसारा आहे. त्यावर जेमतेम 2 सेंटिमीटर पाणी चढतं, मग उतरतं, मग जमिनीतून धुकं येतं. दोन्ही ठिकाणी तिकीट नाही. सांगायचा मुद्दा, तुझ्याही गावात एखादा असा चौक असेल, ज्याला कुणी खेळाची जागा म्हणत नाही पण पोरं तिथे भिजतात. फक्त एक सांभाळ. लोकांनी आत शिरावं म्हणून बांधलेलं कारंजं वेगळं आणि शोभेचं कारंजं वेगळं. शोभेच्या कारंज्यातलं पाणी कुणी अंगावर घेईल या हिशेबाने शुद्ध केलेलं असेलच असं नाही. पाटी वाच. पाटी नसेल तर पोरांना हात धरून पुढे ने.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे पुढचं पटेल. गेल्या उन्हाळ्यातला पहिला मोठा बेत. पोहायचे कपडे घरूनच घालून निघालो, वर टॉवेल गुंडाळलेले. सव्वा तासाचा रस्ता. पोचलो तर फाटकावर कागद: देखभालीसाठी आठवडाभर बंद. उद्यान खात्याच्या पानावर मात्र "सुरू". आधीच उकाडा, त्यात गाडीचा एसी धड चालत नव्हता, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. धाकटीने त्या कोरड्या फरशीवर जाऊन एकेका भोकात डोळा लावून पाणी कुठे गेलं ते बघितलं. तिला वाटलं, खाली कुणीतरी आहे आणि ते झोपलंय.

तेव्हापासून निघायच्या दिवशी सकाळी फोन केल्याशिवाय मी किल्ली हातात घेत नाही. आदल्या दिवशी नाही, त्याच सकाळी. आज पाणी चालू आहे का, किती ते किती, आठवड्यातला साफसफाईचा दिवस कुठला, एवढं विचारतो. पाणीटंचाई असली की सगळ्यात आधी हीच कारंजी बंद होतात हेही लक्षात ठेव. आणि हंगामाची शेवटची तारीख विचार. बाहेर ऊन असलं तरी पाणी तारखेला बंद होतं.

आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, तो मला माहीत नव्हता. दुसऱ्या खेपेला वेगळ्या ठिकाणी गेलो. फाटक उघडं, कागद नाही, आणि फरशी ठणठणीत कोरडी. आणखी तीन-चार कुटुंबं बाकांवर तोंडं पाडून बसलेली. आम्हीही बसलो. वीसेक मिनिटं आम्ही सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून त्या खात्याचा उद्धार केला. तेवढ्यात एक दोन-अडीच वर्षांचं पोर डुलत डुलत गेलं आणि कडेच्या बुटक्या खांबावरच्या चकतीवर थाप मारली. घसा खाकरल्यासारखा आवाज आला, मग फस्सकन बारा-पंधरा धारा वर! त्या पोराने दचकून भोकाड पसरलं आणि बाकीची सगळी पोरं आरडत आत. बऱ्याच ठिकाणी असंच असतं. पाणी वाया जाऊ नये म्हणून बटण किंवा सेन्सर असतो, एकदा दाबलं की काही मिनिटं चालतं आणि आपोआप बंद होतं. तेव्हा कोरडी फरशी दिसली की आधी खांब शोध, मग शिव्या दे.

पाणी वाचवण्यावरून आठवलं. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात पोरं रस्त्यावरचे आग विझवायचे नळ उघडून भिजतात. असा पूर्ण उघडा नळ मिनिटाला 1,000 गॅलनहून जास्त पाणी ओकतो, म्हणजे जवळपास 3,800 लिटर. त्या धारेने लहान पोर सरळ रस्त्यावर फेकलं जाईल, आणि आग लागली तर बंबाला दाब मिळायचा नाही. म्हणून तिथे मोठ्या माणसाने अग्निशमन केंद्रात जाऊन मागितलं तर नळाला भोकांचं टोपण फुकट लावून देतात. मग तोच नळ मिनिटाला 20-25 गॅलनवर येतो. मला ही युक्ती भारी आवडली. पोरं भिजणारच हे धरून चालायचं आणि त्याची सोय करायची.

आता जरा गंभीर. तुझा धाकटा अजून लंगोटात आहे ना, म्हणून हा भाग वहिनींनाही वाचायला दे. फरशीवरून वाहून गेलेलं पाणी जातं कुठे, हे विचारायला शीक. दोन तऱ्हा असतात. एकीत पिण्याच्या पाण्याची लाइन थेट जोडलेली असते, पाणी एकदा अंगावर पडलं की गटारात किंवा झाडांना. नासाडी जास्त, पण प्रत्येक थेंब नवा. दुसरीत तेच पाणी खालच्या टाकीत जातं, गाळून, क्लोरीन घालून पुन्हा वर येतं. म्हणजे जे पाणी पंचवीस पोरांच्या अंगावरून आणि ढुंगणावरून गेलं तेच सव्विसाव्याच्या तोंडात. त्यात फवारलं गेलं आणि उन्हात तापलं की पाण्यातलं क्लोरीन झपाट्याने कमी होतं. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे. नाव विसर, स्वभाव लक्षात ठेव. नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही तो सात दिवसांपेक्षा जास्त तग धरतो आणि जुलाबांनी माणसाला आडवं करतो. 2005 साली न्यूयॉर्क राज्यात सेनेका तलावाकाठच्या उद्यानात अशाच फिरत्या पाण्यामुळे हजारो लोक आजारी पडले. त्यानंतर त्या राज्याने असल्या पाण्यावर अतिनील किरणांची प्रक्रिया सक्तीची केली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2024 मध्ये हिशेब मांडला, त्यात 1997 ते 2022 या काळात स्प्लॅश पॅडवरून पसरलेल्या आजारांचे 60 उद्रेक आणि 10,611 रुग्ण नोंदले गेलेत.

घाबरू नकोस, हा सव्वीस वर्षांचा आकडा आहे. मी हे वाचल्यावरही पोरांना नेतोच. पण फोनवर विचारतो, पाणी फिरतं असेल तर अतिनील यंत्रणा आहे का. समोरच्याला प्रश्न कळला आणि त्याने सरळ उत्तर दिलं तर मला ती जागा आवडते. "सगळं व्यवस्थित आहे साहेब" असं म्हणाला तर आवडत नाही. तिथे गेल्यावर जाळी बघतो. पाला अडकून पाणी तुंबलंय का, फरशीला बुळबुळीत थर आहे का. आणि नाकाला झोंबणारा क्लोरीनचा वास म्हणजे स्वच्छता असं आपण समजतो ना, ते उलटं आहे. घाम आणि मूत्राशी क्लोरीनची गाठ पडली की तो वास सुटतो.

आपल्या हातातलं म्हणशील तर, पोट बिघडलेलं पोर घरी ठेव, कितीही रडलं तरी. तपासणीत तो क्रिप्टोस्पोरिडियम निघाला असेल तर जुलाब पूर्ण थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात नाही. पाण्यातली लंगोट घातली म्हणजे झालं असं नाही, ती जुलाब अडवत नाही. तासातासाने बघायची आणि बदलायची ती पाण्यापासून लांब. पाण्याच्या धारेवर बसू द्यायचं नाही. हे सांगणं सोपं आहे. आमची धाकटी नेमकी सगळ्यात जोरकस धारेवर सिंहासनासारखी मांडी ठोकून बसते, आणि उठवलं की जीभ बाहेर काढून शेजारची धार पकडायला जाते. तिला आम्ही शेवटी एक खेळ लावून दिला: तोंड मिटून जास्तीत जास्त धारा ओलांडायच्या. तोंड मिटून राहणं तिला घरी कधी जमलेलं नाही, पण तिथे जमतं.

आता सावली. माझं ऐकशील तर ठिकाण निवडताना पाण्याचे खांब मोजू नकोस. पोरांना दोन धारा आणि एक भोक पुरतं. दमतो तो बाकावर बसलेला माणूस, आणि तो कंटाळला की सगळ्यांचा बेत आटोपतो. मी सगळ्यात झगमगीत ठिकाणी गेलोय: रंगीत कमानी, तोफा, सगळं. सावलीला एक कापड नाही. चाळीस मिनिटांत निघालो. आणि घराजवळचं ते दहा मिनिटांवरचं, सहा धारांचं, कडेला तीन मोठी झाडं आणि स्वच्छतागृह समोरच, तिथे अर्धा दिवस कधी गेला कळलं नाही. सकाळी उघडताच जा. गर्दी नसते, जमीनही तापलेली नसते. पाण्यापासून दोन पावलांवरची कोरडी फरशी दुपारी तव्यासारखी होते आणि भिजलेली पोरं पळत नेमकी तिथेच येतात. न घसरणाऱ्या चपला पायात असू देत. उन्हाचं मलम दर दोन तासांनी आणि भिजल्यावर पुन्हा. ढग गडगडले तर सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत पाय नाही.

काकांना आण. नक्की आण. तू लिहिलंस की चाकाच्या खुर्चीमुळे ते "तुम्ही जा" म्हणतात. अरे, पाण्याच्या खेळात त्यांच्यासाठी हीच तर जागा आहे. ना पायरी, ना कठडा, ना खोली. खुर्ची सरळ आत जाते. सॅन अँटोनियोमध्ये 2017 साली अपंगांना डोळ्यांसमोर ठेवून अख्खं जलउद्यान बांधलंय. विजेवरच्या खुर्चीला पाणी चालत नाही म्हणून तिथे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या देतात. काकांची तर हाताने ढकलायची साधी खुर्ची आहे, भिजली तर पुसायची. फक्त फोनवर विचारून घे, गाडी लावायच्या जागेपासून फरशीपर्यंत सपाट वाट आहे की मध्ये वाळू-खडी आहे. माझ्या आईला मी कडेला खुर्ची टाकून बसवलं होतं. पहिली दहा मिनिटं "मला नको बाई" चाललं होतं. मग तिने हळूच चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि सगळ्यात बुटक्या धारेवर एक तळवा ठेवला. पाणी बोटांच्या फटींतून पंख्यासारखं उडालं. मग दुसरा तळवा. निघताना तिलाच हाका माराव्या लागल्या.

शनिवारी निघणार की रविवारी ते कळव. माझं म्हणशील तर दोन्ही नको, मधला एखादा दिवस काढ. मी सुट्टी टाकतो, सकाळचा फोनही मीच करतो, तुला तो अतिनील यंत्रणेचा प्रश्न नीट विचारता यायचा नाही. तुझी मोठी छत्री दोन वर्षं माझ्याकडेच आहे, ती घेऊन येतो. एक काडी मोडलीय. ती कशी मोडली हे काकांसमोर विचारू नकोस.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा