पाणी जपण्याचा सल्ला फक्त सोसायट्यांनाच का?

महोदय,

कालच्या अंकातील पाणीकपातीची बातमी वाचली. नागरिकांनी गाड्या धुऊ नयेत, कुंड्यांना नळीने पाणी घालू नये, ही आवाहने योग्यच आहेत. मात्र नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात किती पाणी वाया जाते, याविषयी त्या बातमीत एक ओळही नव्हती, याचे वाईट वाटले.

मी महापे परिसरातील एका कारखान्याच्या युटिलिटी (पाणी, वीज, वाफ पुरवणाऱ्या) विभागात सत्तावीस वर्षे नोकरी केली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्या कूलिंग टॉवरचा, म्हणजे यंत्रांतले तापलेले पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्याचा, फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारी तरंगती झडप) अडकला. टाकी भरली तरी पाणी येतच राही आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जाई. एका रात्रपाळीत मी त्या पाइपाखाली २० लिटरची बादली धरून घड्याळ पाहिले, तर ती ४० सेकंदांत भरली. म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. शहरात दरडोई १३५ लिटरचे सरकारी मानक धरले, तर ३२० माणसांचे पाणी. मी लॉगबुकात नोंद करून ती वरिष्ठांना दाखवली. विजेच्या बिलापुढे पाण्याचे बिल ते काय, असे मला सांगण्यात आले आणि व्हॉल्व्ह चार महिन्यांनी, वार्षिक शटडाउनमध्ये बदलला गेला. ते चार महिने माझी पत्नी घणसोलीत पहाटे साडेपाचला उठून पिंपे भरत होती. त्याची खंत अजून जात नाही.

एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) कारखान्यांना देते ते हे पाणी बारवी धरणाचे आणि उल्हास नदीचे. बारवीची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली, माणसे घरदार सोडून उठली. ते पाणी इकडे गटारात सोडणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

मुळात कूलिंग टॉवरला पिण्याचे पाणी लागतच नाही. त्यातले बरेचसे वाफ होऊन उडून जाते आणि क्षार साचू नयेत म्हणून उरलेल्यातले काही सोडून द्यावे लागते. महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली येथे सांडपाण्यावर तृतीय स्तरावरील (नेहमीच्या शुद्धीकरणानंतरची आणखी एक) प्रक्रिया करणारी, प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे याच उद्योगांसाठी उभारली आहेत. क्षारांवर नीट लक्ष ठेवले, तर टॉवर त्या पाण्यावर उत्तम चालतो. मग ज्या कारखान्यापर्यंत या प्रक्रिया केलेल्या पाण्याची जलवाहिनी पोहोचली आहे, त्याला टॉवरसाठी बारवीचे पाणी देणे बंद का करू नये? आणि प्रत्येक टॉवरला आत येणाऱ्या व बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे स्वतंत्र मीटर बसवून त्यांची आकडेवारी दरमहा जाहीर का होऊ नये? गळका व्हॉल्व्ह त्या आकड्यांत आठवडाभरात दिसेल.

आणखी एक सांगणे भाग आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास आमच्या घराजवळच्या नाल्यातून डोळे चुरचुरण्याइतका उग्र दर्प येत होता आणि पाण्यावर तांबूस फेस होता. मी लगेच तक्रार नोंदवली. नमुना घ्यायला माणूस आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर खाडीची भरती येऊन गेली होती आणि रात्रभर पाऊसही कोसळला होता. नमुन्यात काही आढळले नाही, असे कळवून माझी तक्रार निकाली काढण्यात आली. हाच नाला पुढे ठाणे खाडीला मिळतो आणि त्या खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. रात्रीची तक्रार आल्यावर रात्रीच नमुना घेणारे पथक या पट्ट्यात असावे, एवढीच माझी मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त युटिलिटी पर्यवेक्षक, घणसोली, नवी मुंबई