काका, यंदाचे अंदाज कापणीआधीच पाठवते आहे

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

माझ्या प्रबंधाच्या आभारपानावर तुमच्यासाठी एकच ओळ आहे: ‘उपकरणे वेळेवर उपलब्ध करून दिल्याबद्दल.’ प्रबंध बांधून हातात आल्यावर ती ओळ मी पुन्हा वाचली आणि फार तोकडी वाटली. कपाटातून उपकरण कुणीही काढून दिलं असतं. तुम्ही माझ्याबरोबर गव्हात उतरलात, माझ्या वर्षभराच्या नोंदी कुठे बिघडल्या ते सापडेपर्यंत तिथून हलला नाहीत. उपकरणं सांभाळणाऱ्या माणसांची नावं शोधनिबंधांवर येत नाहीत. तुमचं नाव इथेही लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. पण तुम्ही काय केलंत ते चारचौघांत सांगायला हरकत घेतली नाहीत, म्हणून हे पत्र.

पहिल्या हंगामापासून सांगते. नत्राच्या चार मात्रा, दोन वाण, तीन पुनरावृत्त्या, असे चोवीस प्लॉट. हातात धरायचा सेन्सर घेऊन दर आठवड्याला प्रत्येक प्लॉटवरून चालायचं, पिकाची वाढ मोजायची आणि कापणीच्या कितीतरी आधी उत्पादनाचा अंदाज बांधायचा, एवढं साधं काम. तत्त्व मला पाठ होतं. सेन्सर स्वतःच लाल आणि निकट-अवरक्त असा दोन तऱ्हांचा प्रकाश पिकावर टाकतो आणि परत किती आला ते मोजतो. हिरवं पान 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश हरितद्रव्यात जवळजवळ गिळून टाकतं. निकट-अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर विखुरतो आणि बराचसा परत फिरतो. निकट-अवरक्तातून लाल वजा केला आणि दोघांच्या बेरजेने भागला, की हिरवळीचा निर्देशांक मिळतो, तो एनडीव्हीआय. 1970च्या दशकात पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून अमेरिकेतल्या विस्तीर्ण माळरानांची हिरवळ मोजायला वापरलेलं हे गणित आता मुठीत मावणाऱ्या यंत्रात बसलं आहे, याचं मला फार अप्रूप होतं.

हंगाम संपला, मळणी झाली, वजनं आली. एनडीव्हीआय आणि उत्पादन यांचा आलेख काढला तर ठिपके सगळीकडे विखुरलेले. मार्गदर्शक म्हणाले, प्रयोग पुन्हा करावा लागेल. मी सेन्सर परत करायला तुमच्याकडे आले तेव्हा रडू आवरत नव्हतं. तुम्ही वहीत नोंद केलीत आणि मग विचारलंत, “रीडिंग घेताना किती उंचीवर धरायचीस?”

मी अभिमानाने सांगितलं, जमिनीपासून बरोबर सव्वा मीटर. काठीला खूण केली होती, एकदाही चुकवली नाही.

“आणि गहू? तोही तेवढाच राहिला?”

काका, त्या एका प्रश्नाने माझं अख्खं वर्ष उलगडलं. गहू वीस सेंटिमीटरचा होता तेव्हा माझा सेन्सर पिकाच्या शेंड्यापासून एक मीटरहून वर होता. ओंब्या निसवल्या तेव्हा तेच अंतर तीस सेंटिमीटरवर आलं होतं. हे यंत्र पिकाच्या माथ्यापासून 60 ते 120 सेंटिमीटरवर धरायचं असतं. 120 वर धरलं तर सुमारे अर्ध्या मीटरचा पट्टा दिसतो, 60 वर धरलं तर त्याच्या निम्मा. तीस सेंटिमीटरवर ते एखाद्या ओळीवर किंवा दोन ओळींच्या मधल्या फटीवर पडत होतं आणि मी त्याला प्लॉटची सरासरी समजत होते. तुम्ही त्याच दुपारी सुतळीचा तुकडा कापून सेन्सरच्या तोंडाला बांधलात, टोकाला छोटं वजन लावलंत. सुतळी शेंड्याला टेकली की उंची बरोबर, आणि बटण दाबायच्या आधी ती मुठीत गुंडाळून घ्यायची. तीच सुतळी आजही मी वापरते.

उंचीवर तुम्ही थांबला नाहीत. “चल, कशी चालतेस ते दाखव,” म्हणालात आणि मोकळ्या शेतात मला रीडिंग घ्यायला लावलंत. मी बांधावरूनच बटण दाबून आत शिरत होते, त्यामुळे कडेची झाडं प्रत्येक सरासरीत येत होती. कडेच्या झाडांना ऊन, हवा, अन्नद्रव्यं सगळंच जास्त मिळतं, ती प्लॉटची खरी स्थिती सांगत नाहीत. हे तुम्ही नुसतं बोटाने दाखवलंत, मला समजलं. पण वेळेच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी वाद घातला, तो आठवला की अजून वाईट वाटतं. सेन्सरचा प्रकाश त्याचा स्वतःचा, त्याला सूर्य लागत नाही, मग पहाटे घेतलं काय आणि दुपारी घेतलं काय, असं माझं म्हणणं. तुम्ही शांतपणे म्हणालात, “प्रकाश त्याचा, पण दव त्याचं नाही ना.” दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः उजाडताच आलात. एकाच प्लॉटवर दवात एक आणि पानं वाळल्यावर एक असं रीडिंग माझ्याकडून घेतलंत. दोन आकडे वेगळे आले. तुमच्या कामाच्या वेळात ते बसत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या हंगामात मला वाटलं आता सगळं सुरळीत होईल. खोडाला कांडी धरेपर्यंत झालंही. पीक पोटरीत आल्यावर, म्हणजे ओंबी पानाच्या आवरणात फुगायला लागल्यावर मात्र नत्राच्या वरच्या दोन मात्रांचे प्लॉट सेन्सरला एकसारखे दिसायला लागले. डोळ्यांना फरक कळत होता, आकड्याला कळत नव्हता. मी धावत तुमच्याकडे आले, यंत्र बिघडलं म्हणून. तुम्ही कागद ओढलात आणि लिहायला लागलात. लाल 5 टक्के परत येतो, निकट-अवरक्त 45 टक्के: 40 भागिले 50, एनडीव्हीआय 0.80. पीक आणखी दाट झालं, लाल 3 वर आला: 42 भागिले 48, 0.875. त्याहून दाट, निकट-अवरक्त 55 वर गेला: 52 भागिले 58, जेमतेम 0.90. अवरक्त परावर्तन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं आणि निर्देशांक कूसही बदलत नाही, कारण लाल प्रकाशाकडे गमवायला काही उरलेलंच नाही. पर्णक्षेत्र निर्देशांक साधारण 3 च्या पुढे गेला, म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर तीन चौरस मीटर पानं झाली, की हे होऊ लागतं. मी संपृक्तता हा शब्द परीक्षेत लिहिला होता. तिचा अर्थ मला त्या कागदावर कळला.

मग तुम्ही प्रकाशाचे तीन पट्टे मोजणारा सेन्सर काढून दिलात. त्यात 730 नॅनोमीटरच्या आसपासचा, लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा रेड एज पट्टा आहे. हरितद्रव्य तो लाल प्रकाशाइतका आधाशीपणे शोषत नाही, त्यामुळे तो वरच्या पानांतून खाली उतरतो आणि दाट पिकातही फरक दाखवतो. ते उपकरण दुसऱ्या एका प्रकल्पाचं होतं. मला ते मिळावं म्हणून तुम्ही कुणाकुणाशी बोललात ते मला कधी सांगितलं नाहीत.

हेही लिहायला हवं की नोंदवहीत तारखांच्या शेजारी पिकाची अवस्था लिहायची सवय तुम्ही लावलीत. डच संशोधक झाडोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 साली मांडलेलं 00 ते 99 असं मापन पुस्तकात होतं, पण मी वापरत नव्हते. माझे दोन वाण आठवडाभराच्या अंतराने निसवत होते आणि मी एकाच तारखेची रीडिंग शेजारीशेजारी मांडत होते. पहिलं कांडं बोटांना लागलं की 31, फुलोरा निम्म्यावर आला की 65. अवस्थेप्रमाणे जुळवल्यावर दोन्ही वाण प्रथमच एका रेषेत बोलायला लागले. त्याच सुमारास ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातल्या विल्यम राउन यांच्या गटाचं काम मला नीट उमगलं. ते एनडीव्हीआयला पेरणीनंतरच्या वाढीच्या दिवसांनी भागतात, आणि पुरेशी ऊब नसलेले दिवस मोजत नाहीत. पन्नासाव्या दिवशीचा 0.70 आणि ऐंशीव्या दिवशीचा 0.70 दिसायला एकच, पण पहिल्यात दिवसाला 0.014 पडतात आणि दुसऱ्यात 0.009 सुद्धा नाहीत. पीक किती वेगाने वाढलं ते या भागाकारात येतं. त्यांचीच दुसरी युक्ती, भरपूर नत्र दिलेला एक पट्टा शेतात ठेवून बाकीच्या पिकाची त्याच्याशी तुलना करायची, हीसुद्धा तुम्ही मला प्रत्यक्ष आखून दाखवलीत.

तरीही सर्वांत मोठा उपकार वेगळाच आहे. फुलोऱ्यानंतर मी रीडिंग थांबवणार होते. उत्पादनाचा अंदाज त्याआधीच बांधायचा असतो, पुढचं मोजून काय करायचं, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, “पीक पिवळं पडेस्तोवर चालत राहा.” मला ते जड वाटलं, पण ऐकलं. त्याच हंगामात दाणे चिकात असताना उष्णतेची लाट आली. हिरवळ नेहमीपेक्षा कितीतरी लवकर ओसरली आणि ते माझ्या वहीत आठवड्या-आठवड्याने उतरलं. मी थांबले असते तर अंदाज का चुकला याचं उत्तर माझ्याकडे कधीच नसतं.

तुम्ही मांडलेला हिशेब मी आता नवीन मुलांना तसाच सांगते. चौरस मीटरला 400 ओंब्या, ओंबीत 35 दाणे, हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम: 560 ग्रॅम, म्हणजे हेक्टरी 56 क्विंटल. ओंब्या तितक्याच, दाणे तितकेच, पण उष्णतेने दाणा बारीक होऊन हजाराचं वजन 32 ग्रॅमवर आलं, तर हेक्टरी 45 क्विंटलसुद्धा नाही. कांडी धरताना घेतलेलं रीडिंग दोन्ही शेतांत एकच असू शकतं. दाणा भरायचा असताना पानं किती दिवस हिरवी राहिली, ते पाहायला शेवटपर्यंत चालावंच लागतं. तुम्ही दिलेल्या अवरक्त तापमापकानेही मला हेच दाखवलं. निरभ्र दुपारी ज्या प्लॉटची मुळं अजून पाणी ओढत होती, त्यांचा पर्णसंभार बाष्पोत्सर्जनामुळे शेजाऱ्यांपेक्षा थंड होता, रंगात अजून काहीच फरक दिसत नसताना.

मळणीच्या दिवशीही तुम्ही आलात. वजनकाट्याशेजारी ओलावामापक ठेवलात आणि प्रत्येक पोत्याचा ओलावा लिहायला लावलात. 2.5 किलो दाणे 16 टक्के ओलाव्याचे असतील तर 12 टक्क्यांवर आणल्यावर ते 2.39 किलोच भरतात. पहिल्या वर्षी मी ही दुरुस्ती केलीच नव्हती. मी सेन्सरला दोष देत होते आणि काट्यावरचा आकडा मात्र खरा धरून चालले होते.

आणि ते पाकीट. दुसऱ्या हंगामाचा आलेख मी तुम्हाला दाखवला, ठिपके रेषेला बिलगलेले, मी खूश. तुम्ही विचारलंत, “ही रेषा याच प्लॉटांवरून काढलीस ना? मग ती त्यांना बसणारच.” मग म्हणालात, पुढच्या वर्षी कापणीआधी अंदाज कागदावर लिही, तारीख घाल, सही कर, पाकिटात बंद करून माझ्या कपाटात ठेव. पडताळणीचा हा नियम संख्याशास्त्राच्या तासाला मी शिकले होते, गुण मिळवले होते, आणि स्वतःच्या कामात विसरले होते. तिसऱ्या हंगामात ते पाकीट तुमच्यासमोर उघडलं. बहुतेक प्लॉटांचा अंदाज जवळ आला. चार प्लॉट साफ चुकले. त्यातले तीन वाऱ्यात लोळलेले होते. चौथ्याचं कारण तुम्ही आणि मी संध्याकाळपर्यंत शोधत बसलो, आणि तुम्ही ते प्लॉट आलेखातून काढू दिले नाहीत. प्रबंधात ते चारही आहेत. परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्यांच्यावरच घालवला.

काका, तुम्ही निवृत्त झाल्यावर कपाटाच्या किल्ल्या आता दुसऱ्यांकडे आहेत. म्हणून यंदाचे अंदाज या पत्राबरोबर तुमच्या घरी पाठवते आहे. या वेळी तीन वाण आहेत आणि त्यातला एक मी आधी कधीच मोजलेला नाही, त्याच्याबद्दल मला खरंच धाकधूक आहे. पीक पिवळं पडलं आहे, काल शेवटची फेरी झाली, कापणीला अजून आठ दिवस आहेत. पाकीट तोवर उघडू नका. ओलावा दुरुस्त केलेली वजनं आली की ती घेऊन मी स्वतः येते.

तुमची ऋणी,
चोवीस प्लॉटवाली