अंधांच्या खात्याचं छापील पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मला एक सरकारी पाकीट आलं. मी पूर्ण अंध आहे आणि ज्या खात्याकडून ते आलं, ते खातं फक्त अंधांसाठीच चालतं. आत दोन पानं होती, बारीक छपाईची. फोनच्या कॅमेऱ्याने वाचून पाहिलं, पण पहिल्या पानावर शिक्का असा काही बसला होता की फोन मध्येच असंबद्ध बडबडायला लागला. शेवटी शेजारच्या बाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा शोधला आणि मोठ्याने वाचून दाखवलं. अर्ज अपूर्ण आहे, अमुक कागद पंधरा दिवसांत जोडावा, नाहीतर प्रकरण बंद. माझं उत्पन्न, आजाराचं नाव, कुटुंबात कोण कोण, सगळं त्या पत्रात होतं. आता ते शेजारीही ठाऊक आहे. बाई चांगल्या आहेत, कुठे बोलणार नाहीत. पण माझी खाजगी माहिती कुणाच्या चांगुलपणावर का अवलंबून असावी?

मी तक्रार करायला बसले आहे खरी, पण आधी माझंच माप माझ्या पदरात घालते. काचबिंदूने नजर जाण्यापूर्वी मी सव्वीस वर्षं सरकारी कार्यालयात खिडकीमागे बसले. अंध माणूस समोर आला की मी त्याच्याशी बोलायचेच नाही. सोबत आलेल्याला विचारायचे, ‘यांचं नाव काय? यांना सही येते का?’ आणि उत्तर यायच्या आत शाईचा पॅड पुढे सरकवायचे. एकदा एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘बाई, मी बहिरा नाही.’ त्यांनी खिशातून पुठ्ठ्याची एक पट्टी काढली, मधोमध आडवी खाच असलेली. ती कागदावर ठेवली, बोटाने खाच चाचपली आणि माझ्यापेक्षा सुबक सही केली. मी ओशाळले, पण पुढच्या माणसाशी तशीच वागले. कारण मला कुणी शिकवलंच नव्हतं. आज ती पट्टी माझ्या पर्समध्ये असते आणि खिडकीपलीकडून माझ्या मुलाला विचारलं जातं, ‘यांना सही येते का?’

अंधांसाठी वेगळं खातं हवं की सर्व अपंगांच्या मोठ्या खात्यात ते मिसळून टाकावं, हा वाद ठिकठिकाणी चालतो. खर्च वाचतो म्हणून मिसळण्याकडे प्रशासनाचा ओढा असतो. माझं मत विचाराल तर शिकवण्याचं काम वेगळंच राहू द्यावं. नजर गेलेल्या माणसाला काठीच्या आधाराने रस्ता ओलांडायला, गॅस पेटवायला, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, हिशेब करायला शिकवणं ही एक विद्या आहे. ती येणारी माणसं थोडी असतात आणि मोठ्या खात्यात ती विखुरली की विद्याही विरून जाते. उलट दाखले, परवाने, कर, मतदान यांसाठी मला वेगळी खिडकी नको. जिथे सगळे जातात तिथेच माझं काम व्हायला हवं. आज नेमकं उलटं दिसतं. शिकवणं मोघम झालंय, आणि साध्या दाखल्यासाठी मात्र ‘तुमचं ते वेगळं असतं, तिकडे जा’.

वेगळं खातं असलं म्हणजे ते चांगलं चालतंच असं नाही, हे वरच्या पाकिटावरून कळलंच असेल. अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं उदाहरण मला म्हणूनच फार बोलकं वाटतं. तिथला अंधांचा सरकारी आयोग देशात सर्वांत मागे पडलेला होता. १९५८ साली केनेथ जर्निगन यांना त्याचं संचालक केलं. ते जन्मांध. त्यांनी शिकणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, म्हणजे थोडीफार नजर उरलेल्यांनीही त्या नजरेवर विसंबू नये. हातात लांब काठी दिली आणि भर शहरात एकटं पाठवलं. लाकूडकामाच्या यंत्रांवर हात ठेवायला लावले. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट, डोळस कर्मचाऱ्यांनाही त्यांनी पट्टी बांधून तेच सगळं करायला लावलं. दहा वर्षांनी, १९६८ साली, त्याच कामाबद्दल त्यांना राष्ट्राध्यक्षांचं खास गौरवपत्र मिळालं.

त्याआधीचंही एक उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी १९४८ साली हाइन्स इथे सरकारी पुनर्वसन केंद्र निघालं. त्याचे पहिले प्रमुख रसेल विल्यम्स स्वतः युद्धात अंध झालेले होते. आपल्याला अंध माणूस सल्लागार समितीत चालतो, उद्घाटनाच्या फोटोत तर हवाच असतो. निर्णयाच्या खुर्चीत तो बसला की मात्र फाइल कोण वाचणार, असा प्रश्न पडतो. फाइल वाचून दाखवायला माणूस ठेवता येतो, स्क्रीन रीडर तर आहेच. फाइलमधला अर्जदार खिडकीवर कुठे अडतो, हे आतून माहीत असणारा माणूस मिळणं जास्त कठीण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात कलम ४ मध्ये हेच आहे: अपंगांविषयीचे निर्णय घेताना सरकारने त्यांच्याशी निकटचा सल्लामसलतीचा व्यवहार ठेवावा, त्यांना त्यात सक्रिय सामील करून घ्यावं. वर्षातून एकदा चहापानाला बोलावलं की सल्लामसलत झाली, असा बऱ्याच कार्यालयांचा समज दिसतो.

आता ‘सगळं ऑनलाइन झालंय, घरबसल्या करा’ हे पालुपद. केलं. अर्जाचं पान उघडलं आणि स्क्रीन रीडर बोलू लागला: ‘बटण. बटण. बटण. चित्र. बटण.’ कुठलं बटण कशाचं, ते बनवणाऱ्याने लिहिलेलंच नव्हतं. नाव कुठल्या चौकटीत आणि जन्मतारीख कुठल्या, हे अंदाजाने भरलं. तारखेसाठी माउसने टिचकी मारायचं कॅलेंडर, कीबोर्डला ते दादच देईना. पुढे कॅप्चा. तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा. शेजारी आवाजाचा पर्याय होता, त्यात गलक्यातून कुणीतरी आकडे पुटपुटत होतं. तिसऱ्या खेपेला जमलं, तोवर ओटीपीची वेळ संपली आणि पान पुन्हा पहिल्यापासून. सोबत जोडलेली माहितीपुस्तिका म्हणजे कागदाचा स्कॅन केलेला फोटो होता. स्क्रीन रीडरच्या लेखी ते कोरं पान.

यातलं काहीही दुरुस्त करायला नवा शोध लागायचा बाकी नाही. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून काय करावं याची आंतरराष्ट्रीय नियमावली १९९९ साली निघाली, तेव्हापासून ती सुधारत आली आहे. बटणाला नाव द्या, कीबोर्डने सगळं चालू द्या, वेळ वाढवून मागता येऊ द्या. मोफत मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही २००६ पासून बनतो आहे, दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांच्या कामातून तो उभा राहिला. म्हणजे साइट तपासायला पैसाही लागत नाही. मॉनिटर बंद करायचा, हेडफोन लावायचा आणि स्वतःचाच अर्ज भरून बघायचा. कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढण्यापूर्वी हे एका अंध कर्मचाऱ्याकडून करून घ्यावं, एवढीच माझी मागणी आहे.

पत्रांचंही तसंच. सर्वांना ब्रेलमध्ये पाठवा असं मी म्हणणार नाही. जगात नजर अधू झालेल्यांपैकी बहुसंख्य पन्नाशीपुढचे आहेत, त्या वयात ब्रेल शिकणारे थोडे. मी शिकले, पण एक पान वाचायला मला अर्धा तास लागतो. कुणाला मोठी अक्षरं पुरतात, कुणाला ईमेल, कुणाला फोनच बरा. विचारल्याशिवाय कळणार कसं? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१६ पासून हे बंधनकारक आहे: माणसाला माहिती कशा रूपात हवी ते विचारायचं, नोंदवायचं, ती नोंद पटकन दिसेल अशी ठेवायची, पुढच्या कार्यालयाला कळवायची आणि त्याप्रमाणे पाठवायचं. अर्जावर एक जादा रकाना, बस्स. आमच्या खात्याच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आहे, हा नाही.

जाता जाता, त्या पाकिटाचं काय झालं ते सांगते. शेजारच्या बाईंना पुन्हा त्रास द्यायचा नाही असं ठरवलं. हवा तो कागद जोडला आणि सोबतचं पत्र ब्रेल पाटीवर स्वतः टोचून लिहिलं. दोन पानं, अर्ज क्रमांकासकट. दुपार गेली. आठवड्याने खात्यातून फोन आला. आवाज तरुण होता, सौजन्यही होतं. म्हणाला, ‘मॅडम, दाखला मिळाला, पण सोबत चुकून दोन कोरे कागद आलेत. परत पाठवू का?’

आपली,
एक अंध वाचक (निवृत्त शासकीय कर्मचारी)