फोर बाय फोर घेताना खाली वाकून बघा

संपादक साहेब, नमस्कार,

पुरवण्यांमधून फोर बाय फोर, म्हणजे इंजिनचा जोर चारी चाकांना देता येतो अशा गाड्यांवर जे काही छापून येतं ते बहुतेक धबधबे, नदीत घातलेली गाडी आणि उडणारा चिखल असंच असतं. बघायला मस्त वाटतं, नाही असं नाही. पण ठाणे-नवी मुंबईत नोकरी आणि शेत मुरबाड, शहापूर, कर्जत नाहीतर जव्हारकडे, अशी आमच्यासारखी पुष्कळ मंडळी ही गाडी कामासाठी शोधतात, आणि नवीन झेपत नाही म्हणून सेकंडहँड शोधतात. त्यांच्यासाठी कोणी चार ओळी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी खारेगावला राहतो, शेत मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या अंगाला, तिकडे धाकटा भाऊ असतो. गावठाणापर्यंत रस्ता चांगलाय, पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली आली तेव्हापासून बऱ्याच गावांना डांबर लागलं. खरी बोंब तिथून पुढे. गावठाण ते शेत हा जो पाणंदीचा तुकडा असतो ना, त्यात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ट्रॅक्टरने चाकोऱ्या पाडून ठेवलेल्या असतात, मध्ये एक ओहोळ, त्याला फरशी आहे पण पाऊस झाला की ती पाण्याखाली. पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना निघाली, काही ठिकाणी कामं झालीही, आमच्याकडे अजून मुरूमसुद्धा पडलेला नाही. खताची पोती, पंप, भाजीचे क्रेट आणि वेळ आली तर आईला घेऊन मुरबाडचा दवाखाना, एवढ्यासाठी गाडी पाहिजे.

आधीच सांगतो, सगळ्यांना फोर बाय फोर लागत नाही. ज्यांची वाट नुसती खडकाळ किंवा मुरमाची आहे त्यांनी साधी टू व्हील बोलेरो घ्यावी, मागे वजनाला दोन पोती टाकावीत, टायर चांगले ठेवावेत, नव्वद टक्के काम होतं. चिकट चिखलाचा चढ असेल नाहीतर ओहोळातून चढून वर यायचं असेल तर मात्र पुढची चाकं ओढायलाच लागतात, आणि तिथे नुसतं फोर व्हील असून भागत नाही, लो गियर लागतो. जुन्या थारमध्ये लो टाकला की चाकांवरचा जोर जवळजवळ अडीचपट होतो, ॲक्सिलरेटर न देता गाडी आरामात चढते. डस्टरची एडब्ल्यूडी, म्हणजे चारी चाकं ओढणारी, आली होती २०१४ ला, गाडी चांगली, पण तिला लो नाही, शेताच्या कामाला ती धरू नये असं माझं मत.

आता बाजाराची गंमत. घोडबंदर रोड, खारघर, तुर्भे सगळीकडे यार्ड बघितले. जी गाडी साधी, कंपनीतून आली तशी, ती मिळतच नाही. मोठे टायर, छतावर लाइटची पट्टी, पुढे लोखंडी बंपर, आत लाल सीट कव्हर, आणि या सगळ्याचे पैसे आपल्याकडून वसूल. ते पुढचे बुल बार तर केंद्राने डिसेंबर २०१७ लाच बेकायदेशीर ठरवलेत, पोलिसाने अडवलं तर दंड आपल्याला, ज्याने लावला त्याला नाही. मोठे टायर घातले की स्टिअरिंग जड, ब्रेक लांब लागतो, पुढचे जॉइंट लवकर जातात, स्पीडोमीटर आणि किलोमीटरसुद्धा कमी दाखवतो. शहरात रुबाब बरा दिसतो, शेतावर काय उपयोग!

नवी मुंबईत एका यार्डमध्ये २०१४ च्या पासिंगची थार दाखवली, रंग चकाचक, मागे फोर बाय फोरचं हे मोठं स्टिकर. पोरगा म्हणाला काका बॉडी बघा, सिंगल ओनर आहे, उद्या नसेल. मी सोबत कल्याणचे एक मेकॅनिक नेले होते, वय झालंय पण जीपची कामं आयुष्यभर केलेली, त्यांनी बॉनेट उघडलंच नाही, सरळ कार्डबोर्ड टाकून गाडीखाली गेले आणि तिथूनच हसायला लागले. गियरबॉक्सकडून पुढच्या ॲक्सलला जाणारा शाफ्टच नव्हता! काढून टाकलेला, ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डबा, त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधलेली, त्यावर तेल आणि धूळ बसून थर झालेला, म्हणजे आजकालचं काम नाही. आत लिव्हर मस्त फोर हाय (चारी चाकं, नेहमीचा गियर), फोर लो (चारी चाकं, लो गियर) पडत होता, डॅशबोर्डवर दिवापण लागत होता. पोरगा म्हणे शाफ्ट आवाज करायचा म्हणून आधीच्या मालकाने काढलाय, गोडाऊनला असेल, देतो आणून. आवाज करतो म्हणजे शाफ्टच्या टोकाचे क्रॉस जॉइंट गेले असणार नाहीतर पुढचा डिफरन्शियल (वळणावर चाकांना कमी-जास्त फिरू देणारी गियरची पेटी), आणि तो खर्च कोण करणार ते आपण समजून घ्यायचं.

शाफ्ट-जॉइंट असे का जातात तेही मेकॅनिककडूनच कळलं. या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी, मातीत चाक थोडं घसरून ते जुळवून घेतं पण कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा ताण गियर आणि जॉइंटवर. हौशी लोक फोर हाय टाकून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गाडी पळवतात आणि लिव्हर अडकला की म्हणतात कंपनीची क्वालिटी नाही. तसंच पुढे नवीन टायर आणि मागे घासलेले असले तरी हेच होतं. म्हणून चारी टायर एका साइजचे आणि साधारण सारखे झिजलेले आहेत का बघा, त्यावरून आधीचा मालक कसा होता ते कळतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. ट्रायल यार्डच्या सिमेंटवर मारू नका, जवळपास मोकळा प्लॉट असतोच, तिथे मातीत न्या. एक जण बाहेर उभा करा, लो टाका, हळूच क्लच सोडा, पुढची चाकं माती उकरतात का ते त्याने बघायचं. नुसत्या दिव्यावर विश्वास नको. जुन्या गाड्यांना पुढे लॉकिंग हब, म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडणारी कळ, असतात, ते लागतात का बघा, ऑटोमॅटिक हब असतील तर त्यांचे व्हॅक्यूमचे पाइप फाटलेले निघतात. टू व्हीलमध्ये परत येते का तेही बघा, अडकत असेल तर दोन फूट रिव्हर्स घ्या, तरी सुटत नसेल तर नमस्कार करून निघा.

पाण्यातून काढलेली गाडी हा आपल्या पट्ट्यातला वेगळा विषय. २६ जुलै २००५ कोणी विसरलेलं नाही आणि २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीत उल्हास नदीने महालक्ष्मी एक्सप्रेसच अडवून ठेवली होती, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्यांचं काय झालं ते तिथल्या लोकांना विचारा. अशा गाड्या धुऊन पुसून, अत्तर मारून बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसते, ती कोणी धूत नाही. सीटखालची रेलिंग गंजलेली, कार्पेटखाली बारीक रेती, ही पण खूण. फोर बाय फोरला अजून एक, ॲक्सलला हवा जायला छोटी नळी असते, ती तुटली आणि गाडी पाण्यात घातली की आत पाणी शिरतं. डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून थेंबभर तेल काढायला लावा, दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी आहे. विकणारा बोल्ट उघडायला नाही म्हणाला तर तेच उत्तर समजायचं.

कुठली घ्यावी यावर भाऊ आणि मी रोज भांडतो. भाऊ जिप्सीवाला. हलकी गाडी, चिखलात रुतत नाही, रुतली तर चार माणसं उचलून काढतात हे खरंय, पण २०१९ ला बंद झाली, पुढे-मागे स्प्रिंगऐवजी लोखंडी पाटे असल्यामुळे आईची कंबर जाईल, शिवाय पेट्रोल, आणि आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) असल्यामुळे जुने रबरी पाइप बदलून घ्यावे लागतात. मला २०१० ते २०२० मधली डिझेल थार बरी वाटते, मुरबाड नाक्यावरचा कुठलाही मेकॅनिक खोलून बसवतो. २०२० नंतरच्या बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या डिझेलला धूर गाळायचा फिल्टर असतो, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रांगत रांगत चालवली की तो चोंदतो, त्याला मधून मधून मोकळा हायवे दाखवावा लागतो. सफारी स्टॉर्मची फोर बाय फोर आरामात एक नंबर आणि भाव पडलेला, पण अंगाने मोठी. इसुझुची व्ही-क्रॉस पिकअप सव्वापाच मीटर लांब, खताला उत्तम, खारेगावात लावायची कुठे. जिम्नी जुनी मिळायला लागलीये, अरुंद वाटेला झकास, क्रेट मात्र मोजून जातात. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक (एक चाक नुसतं फिरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी कळ) आहेत, चिखलात तिचा हात कोणी धरणार नाही, सर्व्हिस जवळ असेल त्यानेच घ्यावी.

कागदांचं थोडक्यात. यार्डवाले गाडी स्वतःच्या नावावर करत नाहीत, पहिल्या मालकाच्या सही केलेल्या कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या (मालकी बदलायच्या) फॉर्मवर ती तीन हातातून फिरते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत पत्र घ्यायचा नियम आलाय, ते दाखवा म्हटलं की अर्ध्या ठिकाणी चहा मागवतात आणि विषय बदलतात. विकणाऱ्यांनीही सावध राहावं, नाव ट्रान्सफर झालं नाही आणि अपघात झाला तर भरपाई कागदावरच्या मालकावर येते हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. कर्जाचा बोजा उतरलाय का आणि ई-चलन किती थकलेत ते परिवहनच्या ॲपवर बघा. पंधरा वर्षांपुढची गाडी महाराष्ट्रात फिटनेस आणि ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांसाठी रिन्यू होते, म्हणून जुनी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, चॅसी सडलेली नसली म्हणजे झालं. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एजंट धरून हिशोब करा मग बोला.

परिवहन खात्याला आपल्या पेपरमार्फत एकच विनंती. पुरात गेलेल्या आणि विमा कंपनीने टोटल लॉस दिलेल्या गाडीची नोंद कंपनीकडे असतेच, ती नंबर टाकल्यावर गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे. चलन दिसतं, विमा कधी संपतो दिसतं, मग हे का नको?

आम्ही अजून शोधतोच आहोत. भाऊ म्हणतो दिवाळीनंतर घेऊ, पावसाळा संपला की हौशी लोक गाड्या विकायला काढतात, भाव उतरेल. मी म्हणतो घ्यायची तर जुलैतच बघायची, पाणंदीत चिखल आहे तोवर मालकालाच शेतापर्यंत गाडी चालवत आणायला सांगायचं.

आपला,
एक वाचक, खारेगाव (कळवा), ठाणे