स्क्रॅप यार्डाचा फायदा आहे हो, पण गाडी तिथवर जाऊ तर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात स्क्रॅप यार्डावर, म्हणजे जुन्या गाड्या रीतसर मोडीत काढतात त्या जागेवर, अर्धं पान दिलंत ते चांगलं केलंत, फक्त लिहिणाऱ्यानं स्वतःची गाडी कधी स्क्रॅपला दिलीय का एवढं जरा विचारून सांगा. '15 वर्षं झाली की गाडी भंगारात' असं त्यांनी ठोकून दिलंय. तसं नाहीये. 10 वर्षांचं डिझेल नि 15 वर्षांचं पेट्रोल बंद ही भानगड दिल्लीची, आपल्याकडे खासगी गाडी फिटनेसला पास झाली तर पुढची 5 वर्षं मिळतात. ते वाचून माझ्या मेव्हण्याचा सकाळी सातला फोन, दाजी आता माझ्या गाडीचं काय. आणि फोटो कुठनं आणलात? सगळ्या गाड्यांची स्टिअरिंग डावीकडे!

फायद्याबद्दल माझा वाद नाही. जालन्याला सळईच्या कारखान्यात भट्टीवर 26 वर्षं काढलीत, भंगार काय चीज आहे ते मला तुम्ही सांगू नका. एक टन भंगार वितळवलं की साधारण 1.4 टन लोहखनिज नि पाऊण टनाच्या आसपास कोळसा वाचतो, हे तुमच्या लेखात यायला हवं होतं, ते राहिलं नि 'हरित भविष्य' तेवढं चार वेळा आलं. पण गल्लीतल्या भंगारवाल्याकडून आलेली गाडी म्हणजे वायर, रबर, सीटचा फोम, ऑइल सगळं तसंच, भट्टीत टाकलं की काळा धूर. शॉकअब (गाडीचे धक्के झेलणारा नळकांडा) बंदच्या बंद आत गेला तर बॉम्बसारखा फुटतो नि पातळ लोखंड बाहेर उडतं. माझ्या शेजारी उभ्या पोराचा हात त्यात भाजला, आम्ही मग महिनाभर प्रत्येक गाडा उपसून बघायचो. यार्डात आधी ऑइल, कूलंट, बॅटरी काढून घेतात, एसीचा गॅस ओढून घेतात, मग गाडी चेपतात. भंगारवाला काय करतो, बॅटरीचं ॲसिड गटारात नि गॅस हवेत. तो गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो म्हणे, पण पाईप कापायला त्याला दोन मिनिटं लागतात.

आता माझं ऐका. माझी मारुती 800, 2004ची. 2019ला पर्यावरण कर भरून पासिंग करून घेतलं. 2024ला परत करायचं तर नुसती फी 600ची 5000 झालेली, म्हटलं पुरे, यार्डाला देऊ, शिकल्यासवरल्या माणसासारखं वागू. तर आरसीवर बँकेचा बोजा! कर्ज 2008ला फिटलं, 2019ला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि आता तो उतरवल्याशिवाय गाडी घेणार नाहीत. बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. नव्या बँकेत गेलो तर म्हणतात खातं सिस्टीममध्ये दिसत नाही. मी म्हटलं दिसत नाही म्हणजे कर्ज नाही, तेच लिहून द्या, बोजा उतरवायच्या फॉर्म 35 वर सही करा. तर म्हणे दिसतच नाही त्याची एनओसी कशी द्यायची. पाच चकरा झाल्या, शेवटच्या खेपेला साहेब लंचला गेले ते आलेच नाहीत.

तिकडे यार्डवाल्यानं फोनवर 15 हजार सांगितले. भंगारवाला दारात येऊन 19 द्यायला तयार, कागद मागत नाही, कारण पार्ट सुटे करून विकणार. तुम्ही म्हणाल टॅक्समधली सूट मिळते ना, खासगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत. अहो पण नवीन गाडी घेतली तर! मी 71 वर्षांचा, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मी कुठली गाडी घेतोय. गाडी दिल्यावर यार्ड सुटीसाठी जे सर्टिफिकेट देतं ते दुसऱ्याला विकता येतं असं मुलगा म्हणाला, पण आधी हातात तर येऊ दे. भंगारवाल्याला दिली तर आरसी माझ्या नावावर जिवंत राहणार नि उद्या त्या नंबरची प्लेट कुठल्या भानगडीत निघाली तर पोलीस माझ्या दारात, म्हणून तेही करवत नाही. त्यामुळे गाडी आहे तिथंच, चारी टायर बसलेत, खाली ऑइलचा डाग वाढतोय नि सोसायटीचे सेक्रेटरी रोज माझ्याकडे बघून खाकरतात.

आणि पोलिसांवरनं आठवलं. सरकारनं 15 वर्षांवरच्या स्वतःच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन 1 एप्रिल 2023 पासून बंद केलं, छान. पण जप्तीच्या गाड्यांचं काय? आमच्या इथल्या ठाण्याबाहेर इतक्या सडतायत की दोन रिक्षांवर वेल चढलाय. पुढच्या वेळी यार्डावर लेख छापाल तेव्हा फोटोग्राफरला तिथं पाठवा, सगळ्यांची स्टिअरिंग उजवीकडेच आहेत.

आपला,
एक जुना वाचक, छत्रपती संभाजीनगर