लंडनला जायचं ठरवलंय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

दुबई सोडून लंडनच्या नोकरीला मी हो कळवलंय. जूनमध्ये रुजू व्हायचं आहे. फोनवर आईचा आवाज बदलला की मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही नकाशा काढून बसणारच, तर आकडे मीच देते. दुबई-मुंबई साधारण १,९०० किलोमीटर, तीन तास. लंडन-मुंबई सुमारे ७,२००. अंतर जवळजवळ चौपट, पण वेळ तिपटीच्या आसपासच, कारण धावपट्टीपर्यंत सरकायला आणि चढ-उताराला लागणारा वेळ दोन्हीकडे तोच. मुंबईहून जाताना दहा तास, घरी येताना नऊच्या आसपास. उंचावरचे पश्चिमेचे वारे येताना पाठीशी असतात. वेळापत्रकात दुपारी एकला सुटून साडेसहाला पोचलेलं दिसलं, तर साडेपाच तास म्हणून आईला सांगत सुटू नका. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं. आयुष्यभर एसटीची वेळापत्रकं सांभाळलेल्या माणसाला हे काय सांगायचं म्हणा!

साताऱ्याहून मुंबई विमानतळाचे सहा तास आणि तीन तास आधी हजर राहणं, हे दुबईलाही होतंच. दुबईहून सकाळी निघाले की रात्री उशिरा तुमच्यापाशी. लंडनहून दुसऱ्या दिवशी. एका रात्रीचा फरक पडेल, आणि बाबांच्या त्या फेब्रुवारीनंतर तुमच्या मनात तीच रात्र येणार. माझ्याही आली. म्हणूनच मुंबईला रोज थेट विमानं असलेलं शहर घेतलं. दुसरीकडे पगार जास्त होता, पण मध्ये विमान बदलावं लागलं असतं.

आई, माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. वेम्बलीत आपल्याकडचं वाणसामान मिळतं. महाराष्ट्र मंडळ तर १९३२पासून आहे, गणपतीला तिथे जाईन. घराला हीटर आहे, आणि तू विणलेला तो पिवळा स्वेटर आता खरंच लागेल.

बाबा, सुट्टीत मी कंट्रोल केबिनमध्ये तुमच्या खुर्चीमागे बसायचे आणि प्रत्येक गाडी कुठे जाते विचारायचे. तुम्ही गावाचं नाव सांगून परत कधी येते तेही सांगायचात. तेवढं कळलं की मला बरं वाटायचं. तर माझी परतीची वेळ: दिवाळी, नक्की.

आता मुकाट्याने ऐका. ईसीजी याच आठवड्यात. टाकीच्या शिडीवर बाबांनी चढायचं नाही, शेजारच्या मुलाला सांगा. पुढच्या मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. विमानात अधूनमधून उठून चालायचं, पाणी पीत राहायचं. व्हीलचेअर मी आधीच सांगून ठेवेन. हीथ्रोवर चालणं खूप पडतं, तेव्हा लाजायचं नाही.

रविवारचा फोन जूनपासून आपल्या दुपारी दीडला, तिथे सकाळचे नऊ असतील. ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे जातात, मग अडीचला. जेवायला माझ्यासाठी थांबू नका.

तुमची,
माई